उष्टा बाजा

थुंकीची मला लहानपणापासून किळस आहे, आणि ती शिकायला मी कुठे गेलो नव्हतो, घरातच मिळाली. आमच्याकडे तांब्याला ओठ लावून पाणी प्यायलेलं माणूस मी पाहिलं नाही. मान मागे टाकायची, तांब्या वीतभर वर धरायचा आणि धार सरळ घशात सोडायची. ठसका लागून जीव कासावीस झाला तरी चालेल, ओठ लागता कामा नये. वडील पोस्टाचं तिकीट जिभेनं ओलं करत नसत, वाटीत बोट बुडवून लावत. आई आमटीची चव बघायची ती थेंब तळहातावर घेऊन, आणि लगेच हात धुवायची. बोर्डीजवळ आमची चिकूची वाडी होती. तिथे फळं उतरवायला येणाऱ्या माणसांच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जायचं, आणि ओतताना आई पदर सावरून एक पाऊल मागे उभी राहायची. यात काही वावगं आहे असं मला विशीपर्यंत वाटलं नव्हतं. विशीनंतर वाटलं असंही छातीठोकपणे सांगवत नाही.

हे आधी सांगून टाकतो, कारण मी ज्या संगीताच्या नादी लागलो ते तोंडाच्या बाजावर वाजायचं, आणि तो बाजा माझ्या हातात आला तो दुसऱ्याच्या तोंडातून निघालेला.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मला तलासरीच्या प्राथमिक शाळेत मास्तरकी लागली होती. गाव मला मुळीच आवडलं नाही. खोलीत ढेकूण, चहात माश्या. माझ्या बरोबरीचे दोन मास्तर दिवसभर पान खाऊन शाळेच्याच भिंतीवर पिचकाऱ्या मारायचे आणि त्याच भिंतीला टेकून बसलेल्या पोरांकडून आरोग्याचे नियम पाठ करून घ्यायचे. आठवड्याच्या बाजारादिवशी शाळा अर्धी रिकामी असे. मग मीही दुपारनंतर बाजारात जायचो, नाकाला रुमाल लावून.

बाजाराच्या एका टोकाला किनाऱ्यावरच्या बायका सुकी मासळी घेऊन बसत. बोंबील, जवळा, सोडे. त्यांच्यात वाढवणची एक म्हातारी होती आणि तिच्या टोपल्यांमागे तिचा नवरा बसलेला असे. त्यानं सारा जन्म परदेशी जाणाऱ्या मालाच्या बोटींवर खलाशी म्हणून काढला होता. नोकरी सुटल्यावर बायकोच्या टोपल्या एस.टी.च्या टपावर चढवायच्या आणि उतरवायच्या, एवढंच काम उरलं होतं. अर्धे दात गेलेले, मिशेरीनं हिरड्या काळ्या, बोलताना ओठांच्या कोपऱ्यात फेस. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो माउथ ऑर्गन वाजवत होता आणि मुठींतून लाळ गळून मनगटापर्यंत आली होती. मी तिथून चालता झालो असतो. पण पाय निघेनात.

माउथ ऑर्गन मला नवा नव्हता. डहाणूच्या समुद्रावर सहलीला येणाऱ्या मुंबईच्या पोरांच्या खिशात तो असायचाच. वाळूत बसून सिनेमाची गाणी फुंकायची, पोरी बघताहेत ना हे बघायचं, आणि गाणं संपलं की बाजा तळहातावर आपटून आतली थुंकी झाडायची. शिसारी यायची मला. म्हाताऱ्याचं वाजवणं मात्र त्या जातीचं नव्हतं. त्याचा सूर सरळ उभाच राहत नव्हता. लागता लागता खाली घसरायचा आणि घसरून मध्येच कुठेतरी अडकायचा. मी भजनी मंडळात पेटी वाजवलेली, त्यामुळे सुरातलं आपल्याला कळतं असा माझा दाट समज. पहिल्या बाजाराला माझं मत झालं की बाजा बिघडलाय. दुसऱ्या बाजाराला वाटलं, म्हातारा बिघडलाय. तिसऱ्या बाजाराला मी टोपलीपाशी जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, "बाबा, हे काय वाजवता?"

"ब्लूज," तो म्हणाला आणि बाजूला थुंकला.

ते त्याला अमेरिकेत भेटलं होतं. शिकागोच्या धक्क्यावर माल उतरवताना त्याच्या पायावर लोखंडी हुक पडला होता. बोट निघून गेली, हा तिथल्या इस्पितळात राहिला, मग खलाश्यांच्या वसतिगृहात. सगळं मिळून आठ-नऊ महिने. शिकागोला समुद्र नाही हे मी पोरांना भूगोलात शिकवत होतो, म्हणून मला ती थाप वाटली. दुसऱ्या दिवशी शाळेतला नकाशा उलगडून पाहिला तर कालव्यांतून आणि तळ्यांतून बोट जायची वाट निघाली. मास्तर मी होतो आणि भूगोल त्याला येत होता. याचाही मला रागच आला.

"तिथं बी असाच बाजार," तो सांगायचा. "दर रविवारी. जुने कपडे, कांदे, घड्याळं, कोंबड्या. आन् कोपऱ्या-कोपऱ्यावर बाजावाले. काळी माणसं. गावाकडं कापसाच्या शेतात राबायची ती शहरात आली कारखान्यात. गावात गाणं हळू चालायचं. शहरात ट्रामचा आवाज, गिऱ्हाइकांचा आवाज, कोण ऐकणार? मंग गाण्याला वीज लावली त्यांनी."

वीज लावली म्हणजे काय ते त्यानं हातवारे करून दाखवलं. रस्त्याकडेच्या घरातल्या बाईला काहीतरी देऊन तिच्या खिडकीतून वायर बाहेर काढायची, फुटपाथवर डबा ठेवायचा, आणि बाजा अन् मायक्रोफोन एकाच मुठीत धरून तोंडाला लावायचा. मग बाजाचा आवाज बाजाचा राहत नाही. बोटीचा भोंगा ऐकलाय का, त्याच्यासारखा पोटात जातो. त्या बाजाराचे रिवाजही होते. एकाचं गाणं चालू असताना शेजारच्या कोपऱ्यानं आपलं दामटायचं नाही. दुसऱ्याची तऱ्हा उचलायची असेल तर खुशाल उचलायची, पण पहिल्यांदा वाजवायची ती त्याच्या तोंडावर, त्याच्यासमोर उभं राहून. त्याला आवडली नाही तर तो हसतो, आणि त्याचं हसणं सगळा रस्ता ऐकतो. आमच्या भजनी मंडळात बुवांनी एकमेकांच्या चाली पाठीमागे चोरायची पद्धत होती. हा रिवाज मला फार स्वच्छ वाटला. त्या सगळ्या प्रकरणात मला स्वच्छ वाटलेली ती पहिली गोष्ट.

मी शिकवा म्हटलं. त्यानं लगेच तोंडातला बाजा काढला, लुंगीला पुसला आणि माझ्यापुढे धरला.

बाजाला बोंबलांचा, मिशेरीचा आणि विडीचा वास होता, आणि त्याच्या भोकांत काहीतरी चमकत होतं. मी खिशातला रुमाल काढला, बाजा एकदा पुसला, उलटा करून पुसला, आणि मग ओठांची टोकं जेमतेम टेकवली. तो बघत होता. त्यानंतर प्रत्येक बाजारादिवशी मी दोन धुतलेले रुमाल घेऊन जायचो.

शिकणं सोपं नव्हतं. पहिला घोळ हिशेबाचा. गाणं बाराचं असतं असं तो म्हणाला. मी म्हटलं, मग हा एकतालच की, आणि बारा मात्रांत बसवायला लागलो. गाणं चौथा हिस्सा झालं की माझी सम यायची. तो पोट धरून हसला, मग खोकला, मग त्यानं टोपलीच्या काठावर बोटं मारून दाखवलं. "वल्ही मारतात तसं धर. चार वल्ही मारली का एक घर. अशी बारा घरं." पहिल्या चार घरांत एक ओळ म्हणायची, पुढच्या चारांत तीच ओळ परत म्हणायची, आणि शेवटच्या चारांत तिला उत्तर द्यायचं. तीच ओळ दोनदा कशाला, मी विचारलं. "पहिल्या खेपेला कोण ऐकतं?" तो म्हणाला.

दुसरा घोळ मोठा होता. बाकीचे लोक बाजा फुंकतात, ब्लूज बहुतेक आत ओढून वाजतो. बाजाच्या षड्जाला षड्ज धरायचंच नाही, त्याच्या पंचमाला षड्ज करायचं आणि श्वास आत घ्यायचा. तिसऱ्या भोकात गंधार आहे. तो शुद्ध लागतो, त्याला जिभेनं आत दाबून खाली वाकवायचा, पण कोमलापर्यंत जाऊ द्यायचा नाही. दोहोंच्या मध्ये त्याला लोंबकळत ठेवायचा. पेटीवर असला सूरच नाही. सुरुवातीला मला तो निव्वळ बेसूर वाटायचा. चार-पाच बाजारांनंतर उलटं व्हायला लागलं. भजनी मंडळात पेटीवर बोट ठेवलं की तो सरळसोट शुद्ध गंधार मला सोवळं नेसून बसल्यासारखा वाटू लागला, आणि त्याचा कंटाळा आला.

पण मला तो वाकवता येईना. दिवाळी गेली, होळी आली, मला सिनेमाची गाणी येऊ लागली आणि तो एक सूर येईना. कारण म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "ओठ टेकवून नाय होत. बाजा आत घे. पार आत. भाकरीचा घास घेतोस तसा." घास घ्यायचा म्हणजे ओठांची आतली ओली बाजू त्या पितळेला लागणार. आणि वर श्वास आत ओढायचा म्हणजे त्या भोकांतलं, त्याच्या तोंडातलं जे काही असेल ते माझ्या घशात. मी डोळे मिटून ठरवायचो, आज करू. बाजा जवळ आला की ओठ आपोआप आवळायचे.

सुकं घ्यायला आलेली वारली माणसं उकिडवी बसून ऐकत असत. एकदा त्यांतला एक म्हातारा माझ्याकडे बोट दाखवून खलाश्याला म्हणाला, "ह्यो नुसता फुकतो. ह्याचा दम वरच्यावर हाय." भोपळ्याचा तारपा फुंकणाऱ्यांच्या गावचा माणूस, त्याला दम कळत होता. सगळे हसले. मी त्या दिवशी रागानं खोलीवर निघून आलो. राग त्याचा नव्हता. तो खरं बोलला होता.

म्हाताऱ्याची छाती त्या उन्हाळ्यात कफानं भरली. चार घरं वाजवली की त्याला धाप लागायची. परीक्षा संपत आल्या तेव्हा त्यानं बाजा फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. "सुट्टीत घरी ने. मला आता पुरत नाय. बाजा नुसता ठेवला का आतल्या पट्ट्या गंजतात, रोज वाजव. तो सूर आला का वाढवणला ये, माझ्यासमोर वाजव." शिकागोच्या बाजारात एका काळ्या वादकानं तो त्याला दिला होता, स्वतःच्या तोंडातून काढून, पँटीला पुसून. "माझी जात नाय विचारली, नाव बी नाय," म्हातारा म्हणाला. त्याच्याकडे दुसरा बाजा नव्हता. मुलगा मुंबईच्या गोदीत होता, त्याला यात रस नव्हता. दोन वर्षं बाजारात बसून त्यानं एवढ्या लोकांना ऐकवलं, त्यांतून शिकायला पुढे आलेला मी एकटा. तो सूर माझ्या हाती लागला नाही तर त्याच्याबरोबरच जाणार, हे त्याला दिसत होतं आणि मलाही.

मी बाजा घरी आणला आणि पत्र्याच्या ट्रंकेत पुस्तकांखाली लपवला. तीन दिवस हात लावला नाही. चौथ्या दिवशी आई-वडील एका लग्नाला उंबरगावला गेले आणि घरात मी एकटा राहिलो. आता तरी आत घ्यायचा असं ठरवून मी फडकं सोडलं. तोच वास आला. आणि मला वाटलं, एकदाच हा नीट स्वच्छ केला तर काय बिघडलं? स्वच्छ झाला की माझे ओठ उघडतील, सूर वाकेल, म्हातारा खूश होईल. सगळ्यांचंच भलं.

आमच्या घरात भांड्यांचा कायदा पक्का होता. मातीच्या भांड्याला विटाळ झाला तर ते फेकायचं, लाकडाचं असलं तर जाळायचं, पण धातू शुद्ध होतो. पितळेला राख लावायची, चिंच लावायची, कढत पाण्यातून काढायचं, झालं. बाजा मला वरून पत्र्याचा आणि आतून, मळानं काळा पडलेला, पितळेचा दिसत होता. मी चुलीवर आधण ठेवलं. बाजा राखेनं घासला, चिंचेच्या कोळानं घासला, कोळ भोकाभोकांतून आत जाईल असा दाबला. मग कढत पाण्यात सोडला. पाण्यावर काळपट तवंग आला तेव्हा मला केवढं समाधान झालं, ते आठवलं की आजही मळमळतं. एकदानं भागलं नाही. तीनदा पाणी बदललं. मग मागच्या अंगणात मे महिन्याच्या उन्हात वाळत ठेवला.

संध्याकाळी उचलला तर पत्र्याच्या दोन झाकणांमधून लाकूड बाहेर आलं होतं. बाजाच्या पोटात लाकडाची फणी असते, भोकं तिचीच असतात. ती फुगली होती आणि फुगून उन्हात तडकली होती. मी तोंडाला लावला. अगदी आत, भाकरीच्या घासासारखा, आता काहीच किळस नव्हती. फुंकलं, ओढलं. नुसती हवा.

दुसऱ्या दिवशी मी मुंबई गाठली आणि एका वाद्यांच्या दुकानातून त्याच पट्टीचा नवा बाजा आणला. तो वाडीत बसून आठवडाभर वाजवला. कोऱ्या बाजालाही माझे ओठ आधी आवळलेच, मग हळूहळू सैल झाले. सूर थोडा वाकायचा, कधी घसरून कोमलावर पडायचा, कधी वाकायचाच नाही. पण चूक लपवून आणखी दिवस काढवेनात. नवा बाजा पुसून परत डब्यात ठेवला आणि दोन्ही बाजे घेऊन मी वाढवणला गेलो.

घरापुढे दांडीवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्याखाली मांजरं बसली होती. म्हातारा आत खाटेवर उशीला टेकून होता. खूप वाळला होता. "आणलास?" त्यानं विचारलं. मी जुना बाजा पुढे केला. त्यानं अंगठा फिरवला, फुगलेलं लाकूड चाचपलं, तोंडाला लावला. एका भोकातून बारीक कूंऽऽ आलं, बाकी काही नाही. मग त्यानं नखानं पत्र्याच्या फटीतून चिंचेचा एक धागा ओढून काढला आणि नाकाशी धरला.

"चिंच," तो म्हणाला.

"आईनं धुतला," मी म्हणालो. "मला न विचारता. तिला माहीत नव्हतं."

आईला असा बाजा घरात आहे याचाही पत्ता नव्हता. पण ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की पुढे कितीतरी वर्षं मी ही हकीकत तशीच सांगत आलो. ऐकणारे हसायचे, ‘जुनी माणसं!’ म्हणायचे, आणि मीही त्यांच्याबरोबर हसायचो. आई गेल्यावर तर ते अधिकच सोपं झालं.

"आत लाकूड असतं," म्हातारा म्हणाला. "मी सांगायला पायजे होतं." त्यानं जुना बाजा उशीखाली ठेवून दिला. त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी घाईघाईनं नव्या बाजाचा डबा उघडून त्याच्या हातात दिला. त्यानं बाजा तळहातावर घेतला, उजेडाकडे धरला, वरची अक्षरं निरखली. आवडलेला दिसत होता. मी म्हटलं, "वाजवा ना बाबा. तुमच्यासाठीच आणलाय."

"नको," तो म्हणाला, आणि बाजा छातीपासून लांब धरून माझ्याकडे परत केला. "कोरा हाय. माझं तोंड लागलं का तुला परत धुवायला लागेल. मंग हा बी जाईल."

त्यात टोमणा नव्हता. होडी ओहोटीला काढू नको असं सांगावं तितक्या साध्या आवाजात तो ते बोलला. ‘तुला’ म्हणाला, ‘तुझ्या आईला’ नाही. एकच वाक्य बोलायचं होतं मला: लावा तोंड, मी नाही धुणार. ते जिभेवर आलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. काळ्या हिरड्या, कोपऱ्यातला फेस, धापेनं उघडं राहिलेलं तोंड. वाक्य तसंच गिळलं.

"तू वाजव," तो म्हणाला. "आलाय का सूर, बघू."

माझा स्वतःचा, कोरा, स्वच्छ बाजा. मी तो पार आत घेतला आणि तिसऱ्या भोकातून श्वास ओढला. गंधार घसरला आणि बरोबर मध्ये जाऊन लोंबकळला. म्हाताऱ्यानं खाटेच्या लाकडावर बोटं मारायला सुरुवात केली. चार वल्ही, एक घर. मी बारा घरं पुरी केली, परत बारा केली. म्हातारी हातातला जवळा तसाच घेऊन दारात येऊन उभी राहिली. "आता आलं," तो तिला म्हणाला, "आलं मास्तरला," आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला माझ्या तोंडाची किळस आली.

त्या पावसाळ्यात तो गेला. तोवर मी सहा-सात वेळा वाढवणला जाऊन आलो. प्रत्येक वेळी वाजवून झालं की नवा बाजा खाटेवर त्याच्या हाताजवळ ठेवायचो आणि चहाची वाट बघत बसायचो. तो एकदा बाजाकडे बघायचा, एकदा माझ्याकडे बघायचा. ‘लावा तोंड’ एवढं म्हणवायचं नाही, मी खिडकीबाहेर बघायचो.